कॅनॉपीची मागची काच पुन्हा पुन्हा फुटते? तिसरी काच आणण्याआधी हे तपासा

पिकअपच्या कॅनॉपीची, म्हणजे हौद्यावर बसवलेल्या फायबरच्या टपाची, मागची काच एकदा फुटली तर दगड लागला म्हणता येतं. वर्षभरात दुसऱ्यांदा फुटली की मात्र लगेच तिसरी आणायला पुण्याच्या नाना पेठेत धावू नका. आधी गाडी सपाट जागी लावा आणि काचेला धरून ठेवणाऱ्या गोष्टी बघा: वरच्या बिजागऱ्या, बाजूचे दोन गॅस शॉक (काच वर उचलून धरणाऱ्या नळ्या), खालचं हँडल, चौकटीभोवतीचं रबर आणि कॅनॉपी हौद्याला आवळणारे क्लॅम्प. माझं फायबरचं काम आहे, कोंढव्याच्या बाजूला शेड आहे. तिथे व्ही-क्रॉस, हायलक्स, जुनी गेटअवे अशा गाड्यांच्या कॅनॉपी येतात आणि काचेची तक्रार नेहमीचीच असते. त्यांत काच स्वतः निर्दोष असण्याचं प्रमाण फार मोठं आहे. दोष वरच्या पाच जागांपैकी कुठे तरी असतो, आणि पुष्कळदा तो आधीच्या दुरुस्तीनेच घालून ठेवलेला असतो.

ही काच घरच्या खिडकीसारखी नाही. ती टफन असते. कापून, कड घासून, भोकं पाडून झाल्यावर ती भट्टीत साधारण ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवतात आणि वाऱ्याच्या झोताने झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागून आवळायला बघतो, आणि त्या ओढाताणीत पृष्ठभागावर कायमचा दाब बसतो. त्यामुळे पंजाने जोरात मारलं तरी ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट सहन करते. पण कडेला किंवा भोकाच्या काठाला टवका उडाला आणि तो दाबाच्या थरातून आत पोहोचला, की सगळी काच एका क्षणात खडीसाखरेसारखी खाली. तडा जाऊन महिनाभर टिकली, असं टफनच्या बाबतीत होत नाही.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, मारा मधोमध बसला तर काच वाचू शकते, कडेला बसला तर वाचणं कठीण. दोन, टफन झाल्यावर त्या काचेला भोक पाडता येत नाही आणि कडही कापता येत नाही. दुकानात कुणी "साहेब, काच घेऊन जा, होल नंतर मारून देतो" म्हणालं, तर एक तर ती काच टफन नाही, नाही तर त्या माणसाने अजून टफनला ड्रिल लावलेलं नाही.

"उन्हाने फुटली"

हे वाक्य एप्रिल-मे महिन्यात सर्रास ऐकू येतं. गाडी बिबवेवाडीत उन्हात उभी होती, आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही, आणि आवाज होऊन काच गेली. पुण्यात पारा चाळिशीच्या वर जातो हे खरं. पण धड टफन काच दोन बाजूंच्या तापमानातला दोनशे अंशांच्या आसपासचा फरक झेलते. आपलं ऊन त्याच्या जवळपासही जात नाही. मग उभ्या गाडीची काच का फुटते? कारण ती आधीच ताणलेली असते. बिजागरीचा बोल्ट भोकाच्या काठाला लोखंडाने टेकलेला असतो, शॉक रात्रंदिवस ढकलत असतात, आणि दुपारी फायबर, ॲल्युमिनियम आणि काच आपापल्या मापाने फुगतात. लोखंड आणि काच यांच्यात सरकायला जागा नसेल तर उरलेलं काम ऊन करतं. उन्हाला दोष देऊन नवी काच तशीच बसवलीत, तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघण्याचीही गरज पडत नाही.

एक अपवाद आहे. काच बनताना आत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिला तर तो पुढे केव्हाही फुगून काच फोडू शकतो. पण असं एकदा होईल. त्याच गाडीला लागोपाठ दोनदा झालं तर त्या कणाला दोष देऊ नका.

झाडण्याआधी चुरा बघा

टफन जिथून फुटायला सुरुवात होते तिथून तडे चहूकडे पंख्यासारखे पसरतात. काचेवर फिल्म असेल तर सगळे तुकडे तिला चिकटून लोंबत राहतात आणि ती सुरुवातीची जागा सरळ दिसते. फिल्म नसेल तर चुरा हौद्यात पडलेला असतो, पण बिजागरीच्या जबड्यात आणि हँडलच्या तळाशी काही तुकडे अडकून राहतात. ते झाडू नका. आधी मोबाइलवर जवळून फोटो काढा, मग बिजागरी उघडा. एका बिजागरीत नीट दाणे आणि दुसरीत पांढरं पीठ असेल तर काच त्या दुसऱ्या जागी चिरडली जात होती, असं समजायला हरकत नाही. सोबत वायसर तपासा. रबराचा किंवा नायलॉनचा वायसर फाटून बोल्ट काचेला लागल्याची चकाकी धातूवर दिसते.

हातमोजे घाला, व्हॅक्यूम लावा, आणि हौद्यातलं बेडलायनर उचलून खालीही बघा. तिथले दाणे पुढे वर्षभर टायरला आणि गुडघ्याला सापडतात. शॉक काढण्याआधी काचेचा उरलेला भाग कुणाला तरी धरायला सांगा.

प्लायची डमी

माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट सहा एमएमचा प्लाय आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात तुकडा मिळतो. जुन्या काचेच्या मापाने तो कापा, त्याच जागी भोकं पाडा आणि काचेच्या जागी बिजागऱ्यांवर टांगा. जुन्या काचेचं माप उरलं नसेल तर चौकटीवरून घ्या: रबर बसतं ती बाहेरची कड पुठ्ठ्यावर उतरवा आणि जुन्या बिजागऱ्यांवरून भोकांच्या जागा धरा.

प्लाय तीन कामं करतो. काच येईपर्यंत पावसापासून हौदा झाकतो. काचवाल्याला फर्मा म्हणून देता येतो. आणि काच जे लपवते ते दाखवतो, कारण प्लाय वाकतो. काच ज्या जागी ताणली जात होती, तिथे प्लाय डोळ्यांदेखत वाकतो किंवा पिळतो.

सुरुवातीला शॉक जोडू नका. नुसता बिजागऱ्यांवर लोंबणारा प्लाय हलकेच बंद करा. चारही बाजूंनी रबराला सारखाच टेकायला हवा. वर्तमानपत्राची पट्टी रबर आणि प्लायच्या मध्ये धरून ओढा, मग पुढे सरका. जिथे पट्टी सैल सुटते आणि जिथे फाटायला येते, त्या जागा खडूने खुणावा. एका वरच्या कोपऱ्यात फार घट्ट आणि समोरच्या खालच्या कोपऱ्यात सैल, असं तिरपं चित्र आलं तर चौकट पिळलेली आहे. वरच्या कडेला घट्ट आणि खाली सैल असेल तर बिजागरीच्या खालची पॅकिंग कमी-जास्त आहे.

मग चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. तीन-चार एमएमपेक्षा जास्त फरक असला तर काचेचा विचार बाजूला ठेवा आणि क्लॅम्पकडे वळा. पिकअपची केबिन आणि हौदा वेगवेगळे असतात, खाली शिडीसारखी चासी असते आणि खड्ड्यात ती पिळते. ती पिळणारच, त्यात बिघाड काही नाही. कॅनॉपी हौद्यावर एका बाजूला जास्त आवळलेली, दुसऱ्या बाजूला ढिली असेल, किंवा कडेखालचा फोम कुठे दबून संपला असेल, तर तो सगळा पीळ मागच्या चौकटीत जातो. कारण कॅनॉपीचं मागचं टोक मोकळं असतं, पुढच्या टोकासारखी भिंत तिथे नसते. सगळे क्लॅम्प ढिले करा, नवी फोमपट्टी लावा, कॅनॉपी मधोमध बसवा आणि चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पुन्हा कर्ण मोजा.

यानंतरची परीक्षा पुण्यात फुकट होते. एक मागचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवा, बाकीची तीन खाली राहू द्या. आता प्लाय उघडून बंद करा. हँडल नेहमीसारखं फिरलं तर ठीक. जोर लावावा लागला किंवा एका बाजूची खिटी अडली, तर खड्ड्यात तुमच्या काचेचं काय होत होतं ते हातालाच कळेल. थोडा फरक पडणारच. पण खिटी लागतच नसेल, तर काच आणू नका. आधी फायबर बघा. मागच्या दोन खांबांच्या मुळाशी, आतल्या बाजूने, बारीक तडे असतात. गालिचा चिकटवलेला असेल तर तो सोलून बघावं लागतं. तिथे मॅट आणि रेझिनचे थर चढवल्याशिवाय कुठलीही काच टिकणार नाही.

शॉक: जास्त ताकद म्हणजे जास्त चांगलं नाही

सगळ्यात जास्त काचा इथे जातात, म्हणून जरा सविस्तर.

काच वर उभी राहत नाही, डोक्यावर पडते, म्हणून माणूस शॉक बदलतो. दुकानदार लांबी जुळवून देतो, ताकद कोणी बघत नाही. शॉकच्या नळीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, १०० एन, १५० एन, २५० एन असा. हिशेब करून बघा. १२५० बाय ५०० एमएमची पाच एमएम जाड काच: काचेचं वजन दर चौरस मीटरला दर एमएम जाडीमागे अडीच किलो, म्हणजे ही पावणेआठ-आठ किलोच्या आसपास भरते. हँडल आणि बिजागरीचे तुकडे धरून साडेआठ म्हणा. वजनाचा मध्य बिजागरीपासून पाव मीटरवर. काच आडवी उघडी असताना तिला पेलायला साधारण २१ न्यूटन-मीटर लागतात. त्या स्थितीत शॉकच्या रेषेचं बिजागरीपासूनचं लंबअंतर १२ सेंटीमीटर असेल, तर दोन शॉक मिळून १७५ न्यूटन, म्हणजे एकेक ८७-८८. त्यावर थोडं जास्त धरून १०० एनची जोडी पुरते. तुमच्या काचेचं माप वेगळं असेल, आकडे आपले घाला, पद्धत हीच.

आता तिथे २०० एनचे लावले तर? उघडताना काच उसळते आणि शेवटी हिसका बसतो, तो तुम्हाला दिसतो. न दिसणारी गोष्ट वाईट आहे. काच बंद असताना शॉक तिच्या जवळजवळ समांतर असतात. त्यांचा जोर काच उघडण्यात फारसा खर्च होत नाही, तो सरळ बिजागरीच्या आणि शॉकच्या बोल्टच्या भोकांवर जातो. शिवाय दाबलेला शॉक त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्तच ढकलतो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलीत तरी ही ढकलाढकल चालूच असते.

याहून वाईट म्हणजे एक शॉक नवा आणि एक जुना. काच वर जाताना एक बाजू ओढली जाते, दुसरी मागे राहते, आणि काचेला पीळ बसतो. पीळ काचेला अजिबात सोसत नाही. जोडीने बदला, एकाच ताकदीचे. नळीवरचा आकडा पुसला असेल तर घरातला वजनकाटा घ्या, शॉक उभा धरून दांडा काट्यावर टेकवा आणि वरून सरळ दाबा. दांडा आत जायला लागेल तेव्हा काटा जितके किलो दाखवेल त्याच्या साधारण दहापट न्यूटन. दोन्ही शॉकच्या आकड्यांत किलोभराहून जास्त तफावत असेल तर दोन्ही काढा. दाबताना तो निसटून तोंडावर येणार नाही अशा बेताने धरा.

बसवताना काच बंद असेल तेव्हा दांडा खाली आणि नळी वर राहील असं बघा. आतलं तेल सीलपाशी राहतं आणि शॉक जास्त चालतो. दांड्याला ग्रीस लावायचं नाही, त्यावर आपली धूळ बसून सील कापलं जातं.

प्लायच्या डमीवर शॉक जोडून बघाच. प्लाय काचेपेक्षा खूप हलका आहे, त्यामुळे तो जास्त उसळेल, त्याकडे लक्ष देऊ नका. बंद केल्यावर बाहेरून ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी लावा. मध्ये आत ओढलेला आणि दोन्ही टोकांना बाहेर फुगलेला दिसला तर काचेवरही तोच जोर येणार आहे, फक्त काच तो दाखवणार नाही.

रबर, म्हणजे जूनमधली चूक

पहिल्या पावसात हौद्यात पाणी आलं की मालक बोहरी आळीतून जाड बीडिंग आणतो, भरीव, कडक, कारण "एकदाचं पाणी बंद झालं पाहिजे". काच बंद होत नाही म्हणून हँडलवर जोर देऊन बंद करतो. पाणी थांबतं. काच दिवाळीपर्यंत जाते. दोन गोष्टींचा संबंध कोणी लावत नाही, कारण मध्ये चार महिने गेलेले असतात.

हँडल काचेच्या खालच्या कडेला मध्यावर आहे. तिथून आत ओढायचं आणि चौफेर कडक रबराने बाहेर ढकलायचं, म्हणजे काच धनुष्यासारखी ताणायची. आतून पोकळ, मऊ ईपीडीएमचं डी आकाराचं रबर घ्या, अंगठ्याने हलकं दाबल्यावर निम्म्यावर येईल असं. जोड कधीही वरच्या कडेला ठेवू नका, तिथून पाणी आत जातं. तो खालच्या कडेला, मध्यापासून बाजूला घ्या. कोपऱ्यात रबर ओढून वळवू नका, ओढलं की ते पातळ होतं आणि पाणी नेमकं तिथूनच येतं. आणि मुळात पाणी काचेतूनच येतंय का तेही बघा. पाइप लावून आधी फक्त कॅनॉपीच्या कडेवर पाणी सोडा, मग बिजागरीच्या बोल्टांवर, काच सगळ्यात शेवटी. माझ्याकडे आलेल्या कित्येक गळतींत पाणी ब्रेकलाइटच्या भोकातून किंवा हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यातून येत होतं.

फाळका

बहुतेक कॅनॉपींत काचेची खालची कड फाळक्यावर बाहेरून येते. म्हणून उघडताना आधी काच, मग फाळका. बंद करताना आधी फाळका, मग काच. कोणी काच आधी लावली आणि फाळका वर फेकला, तर फाळक्याची लोखंडी कड काचेच्या सगळ्यात नाजूक जागी बसते. मालकाला हे पाठ असतं, सामान भरणाऱ्या मुलाला नसतं. गाडी अनेक हातांत असेल तर फाळक्याच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. माल भरतानाही फाळक्याच्या उंचीच्या वर काही मागे सरकेल असं ठेवू नका. खंबाटकीच्या किंवा बोपदेवच्या चढावर गाडी नाक वर करते आणि वरच्या थरातली पेटी सरळ काचेवर येते.

खिट्यांचंही एक: हँडलपासून दोन्ही बाजूंना सळ्या जात असतील तर दोन्ही खिट्या एकाच वेळी लागल्या पाहिजेत. एक आधी लागत असेल तर सळीची लांबी किंवा समोरची पट्टी सरकवा. एकच खिटी लागलेली काच प्रत्येक गतिरोधकावर फडफडते, आणि आपल्याकडे गतिरोधकांची उंची ज्याच्या त्याच्या मनावर असते.

नवी काच सांगताना

फर्म्याआधी एक दोरी. चौकटीवर, रबर बसतं त्या जागी, डावीकडून उजवीकडे दोरी ताणून धरा. मध्ये फट दिसली तर मूळ काच वाकवलेली होती. सपाट टफन तिथे बसत नाही. बोल्ट आवळून ती बसवली जाते, आणि आठवड्यात किंवा महिन्यात जाते. हे अगदी नेहमीचं कारण आहे: पहिली काच कंपनीची, वाकवलेली, दुसरी बाजारातली, सपाट. वाकवलेली हवी असेल तर कॅनॉपी बनवणाऱ्याकडूनच मागवावी लागते. भोसरी-चाकणला गाड्यांच्या काचेचे मोठे कारखाने आहेत, पण ते गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना माल देतात, एका कॅनॉपीसाठी साचा काढत नाहीत. सपाट काच मात्र इमारतींच्या दरवाजांची टफन काच करणारे करून देतात.

त्यांना प्लायचा फर्मा द्या आणि कोणती बाजू बाहेरची ते त्यावर ठळक लिहा. हँडलचं भोक बरोबर मध्यावर नसेल तर उलटी काच कुठल्याच कामाची नसते. जाडी जुनीच ठेवा. सहा एमएमची घेतली तर पाचच्या मानाने वजन पाचव्या हिश्शाने वाढतं आणि शॉकचा हिशेब पुन्हा करावा लागतो. भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा लहान नको, भोकाच्या काठापासून काचेच्या कडेपर्यंत जाडीच्या दुपटीहून कमी अंतर नको, आणि कोपऱ्यापासून आणखी लांब. भोक बोल्टपेक्षा इतकं मोठं सांगा की नायलॉनचा बुश बसून थोडी जागा राहील. चारही कडा घासून पॉलिश केलेल्या हव्यात, भोकांचे काठसुद्धा. नुसती धार मोडून दिलेली कड परत करा.

काच हातात आली की कोपऱ्यात टफनचा शिक्का बघा. गाडीच्या सुरक्षा काचेचं मानक आयएस २५५३ भाग २ आहे. पोलराइज्ड गॉगल असेल तर काच आकाशाकडे धरून तिरपी बघा, टफन असेल तर ठिपके किंवा पट्टे दिसतात. साधी काच असेल तर काही दिसत नाही, आणि ती फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. मागून दुचाकीवाला येत असतो.

काळी करून घ्यायचा मोह आवरा. मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली, तीही याच नियमावर बोट ठेवून. शिवाय कॅनॉपीवाल्या पिकअपमध्ये आरशातून मागे बघताना नजर केबिनची काच, कॅनॉपीची पुढची काच आणि मागची काच अशा तिन्हींतून जाते. त्यातली एक जरी काळी असली तरी संध्याकाळी कात्रज चौकात मागचं काही दिसत नाही.

बसवताना

काच आणि धातू कुठेही एकमेकांना लागता कामा नयेत. भोकात नायलॉनचा बुश, दोन्ही बाजूंना फायबरचा किंवा नायलॉनचा वायसर, मग बिजागरी. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून घालू नका, ते दबून एका बाजूला बाहेर येतात. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप ढिले न होणारे) वापरा, म्हणजे फार आवळण्याचा मोह होत नाही. वायसर बोटाने फिरेनासा झाला की तिथून पाव फेरी. इम्पॅक्ट गन काचेपासून दहा फूट लांब. दोन माणसं लागतात, आणि सगळे बोल्ट आधी ढिले लावून, काच बंद करून, ती आपली जागा घेते का ते बघून मगच आवळायचं. शॉक सगळ्यात शेवटी.

शेदोनशे किलोमीटर गाडी चालली की एकदा पुन्हा हात फिरवा. ढिलं झालेलं दिसेल तेवढंच आवळा, नेहमीच्या सवयीने सगळ्यांना अजून अर्धी फेरी देऊ नका.

काच येईपर्यंत

प्लाय नको असेल तर सनपॅक शीट (पोकळ पन्हळी प्लॅस्टिकची) चालते. चिकटपट्टी रंगावर उन्हात दोन दिवस राहिली तर डिंक निघत नाही, ती आतल्या बाजूने लावा. मागे उघडं ठेवून लांब जात असाल तर केबिनची मागची सरकती काच घट्ट बंद ठेवा: चालत्या गाडीमागे हवेची पोकळी होते, ती धूळ आणि सायलेन्सरचा धूर हौद्यात ओढते, आणि तिथून केबिनमध्ये.

पॉलिकार्बोनेटची शीट लावून कायमचा प्रश्न मिटवायचा विचार बऱ्याच जणांना येतो. ती फुटत नाही हे खरं, पण ओरखडे लवकर पडतात आणि वजन काचेच्या निम्म्याने असल्याने जुने शॉक तिला वाकवून टाकतात. उष्णतेने ती काचेच्या सातपट-आठपट फुगते. सवामीटर लांबीत चाळीस अंशांच्या फरकाने तीन एमएमच्या वर सरकते, म्हणून भोकं मोठी ठेवावी लागतात. पेट्रोल किंवा थिनरने पुसली, किंवा नट पक्का करायचं लॉकिंग लिक्विड भोकाजवळ लागलं, तर बारीक तडे येतात. ॲक्रिलिक तर भोकापासूनच तडकतं. मी पॉलिकार्बोनेट शेतात-नर्सरीत फिरणाऱ्या गाडीला, तात्पुरतं लावतो. रोज हायवेला जाणाऱ्या गाडीला टफनच.

विम्याचं थोडक्यात: कॅनॉपी ही ॲक्सेसरी आहे. पॉलिसीत तिची किंमत वेगळी दाखवून हप्ता भरलेला नसेल तर तिच्या काचेचा दावा मंजूर होण्याची आशा धरू नका. दाखवली असेल तर काचेवर घसारा कापला जात नाही, पण फायबरवर ३० टक्के आणि रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के कापतात. एका काचेसाठी नो क्लेम बोनस घालवायचा का, हा हिशेब दावा टाकण्याआधी कागदावर करा. आणि दावा करायचाच असेल तर सर्वेअर येऊन बघेपर्यंत बिजागरीतले तुकडे तसेच राहू द्या, फोटो मात्र त्याच दिवशी काढा.